विश्लेषण : ‘अस्सल अ‍ॅनालॉग’ रेकॉर्डमध्ये डिजिटल टप्पा! ‘मोफी’ प्रकरणावरून संग्राहकांत वाद का पेटला?

शंभर-सव्वाशे डॉलर मोजून घेतलेली रेकॉर्ड थेट मूळ टेपवरून बनली आहे, असे जगभरचे अनेक संग्राहक वर्षानुवर्षे समजत होते. जुलै २०२२ मध्ये ‘मोबाइल फिडेलिटी साउंड लॅब’ अर्थात ‘मोफी’ या अमेरिकी कंपनीच्या अभियंत्यांनीच सांगितले, की टेप आणि रेकॉर्ड यांच्यामध्ये एक डिजिटल प्रतही असते. गंमत म्हणजे तोवर याच रेकॉर्डच्या ‘अ‍ॅनालॉग’ आवाजाचे तोंडभरून कौतुक होत होते. आवाज तोच, रेकॉर्ड तीच, मग फसवणूक झाली का? झाली असेल तर नेमकी कशाची? आणि रेकॉर्ड विकत घेणाऱ्याने यातून काय लक्षात ठेवावे? याविषयी...

प्रकरण काय आहे?

अमेरिकेतील फिनिक्स शहरात ‘द इन ग्रूव्ह’ हे रेकॉर्डचे दुकान चालवणारे माइक एस्पोसिटो यांनी १४ जुलै २०२२ रोजी यूट्यूबवर एक व्हिडीओ टाकला. मोफी आपल्या रेकॉर्ड बनवताना डिजिटल फाइल वापरते, अशी माहिती आपल्याला खात्रीलायक सूत्रांकडून मिळाल्याचे त्यांनी त्यात सांगितले. मोफीच्या चाहत्यांना हे पटणे कठीण होते. अनेकांनी एस्पोसिटो यांनाच धारेवर धरले. त्यानंतर कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियातील सेबॅस्टोपोल येथील आपल्या स्टुडिओत बोलावले. तेथे झालेली मुलाखत आठवडाभरातच प्रसिद्ध झाली आणि कंपनीच्या तीन ध्वनी अभियंत्यांनी कॅमेऱ्यासमोर डिजिटल टप्प्याची कबुली दिली.

ऑगस्टच्या सुरुवातीला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने या प्रकरणाचे सविस्तर वृत्त दिले. त्यानुसार मोफीने २०११ मध्ये गायक टोनी बेनेट यांच्या अल्बमपासून हे तंत्र वापरायला सुरुवात केली. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीच्या ६० टक्के रेकॉर्डमध्ये डिजिटल टप्पा होता. सर्वात महागड्या ‘वन-स्टेप’ मालिकेतील तर एक वगळता सगळ्या रेकॉर्ड याच पद्धतीने बनल्या होत्या.

या कंपनीला एवढे महत्त्व का?

रेकॉर्डच्या जगात मोफी हे साधेसुधे नाव नाही. ब्रॅड मिलर यांनी ही कंपनी सुरू केली. वाफेच्या इंजिनांचे आवाज टेपवर पकडण्याचा छंद असलेला हा माणूस. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने गाजलेल्या अल्बमच्या मूळ टेप मिळवून त्यांच्या उत्तम दर्जाच्या आवृत्त्या काढायला सुरुवात केली. टेप निम्म्या वेगाने चालवून त्याच प्रमाणात सावकाश खाच कोरायची, म्हणजे बारीक तपशील नीट उतरतात, ही ‘हाफ-स्पीड’ पद्धत मोफीमुळे घराघरांत पोहोचली. पिंक फ्लॉइड, बीटल्स, सुपरट्रॅम्प यांच्या मोफी आवृत्त्या आजही संग्राहक शोधत फिरतात.

१९९९ मध्ये कंपनी बुडाली. २००१ मध्ये शिकागोच्या ‘म्युझिक डायरेक्ट’चे जिम डेव्हिस यांनी ती विकत घेतली आणि पुन्हा उभी केली. मुखपृष्ठाच्या वरच्या बाजूला असलेली ‘ओरिजनल मास्टर रेकॉर्डिंग’ ही पट्टी ही या कंपनीची ओळख. ग्राहकाच्या लेखी या तीन शब्दांचा अर्थ सरळ होता : स्टुडिओत कलाकारांनी मान्य केलेली मूळ टेप आणि आपल्या हातातली रेकॉर्ड यांच्यात शक्य तितके कमी अंतर.

त्यातच रेकॉर्डला पुन्हा बरे दिवस आले होते. २०२२ मध्ये अमेरिकेत ४ कोटी १० लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या, तर सीडी ३ कोटी ३० लाख. नगांच्या हिशेबात रेकॉर्डने सीडीला मागे टाकण्याची ही १९८७ नंतरची पहिलीच वेळ. बाजार फुगत असताना सर्वात विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या नावावरच प्रश्नचिन्ह लागले.

रेकॉर्ड बनते कशी?

वाद समजायचा तर आधी कारखान्यात डोकावावे लागेल. जुन्या काळी गाण्याचे अंतिम मिश्रण चुंबकीय टेपवर साठवले जाई. ती ‘मास्टर टेप’. ही टेप वाजवली जाते आणि तिच्यातला विद्युत संदेश कटिंग लेथ नावाच्या यंत्राकडे जातो. यंत्रावर लॅकरचा थर दिलेली अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरत असते. तापवलेली सुई त्या थरात आवाजाच्या लहरीनुसार नागमोडी खाच कोरत जाते.

लॅकर नाजूक असते. ते वाजवून विकता येत नाही. म्हणून त्यावर चांदीचा पातळ थर देऊन विद्युत प्रक्रियेने निकेल चढवतात. निकेलचा पत्रा सोडवला की खाचांच्या जागी उंचवटे असलेला उलटा ठसा मिळतो. त्याला ‘फादर’ म्हणतात. फादरवरून सुलटी प्रत म्हणजे ‘मदर’ घेतात आणि मदरवरून पुन्हा उलटे साचे, म्हणजे ‘स्टॅम्पर’ काढतात. दोन बाजूंचे दोन साचे दाबयंत्रात बसवायचे, मधे तापवलेल्या पीव्हीसीचा गोळा ठेवायचा, की अर्ध्या मिनिटात रेकॉर्ड तयार. एका साच्यातून साधारण हजारभर रेकॉर्ड निघतात, मग तो झिजतो. पण एका लॅकरपासून अनेक मदर आणि अनेक साचे काढता येत असल्याने एकदा खाच कोरली की हजारो रेकॉर्ड छापता येतात.

‘वन-स्टेप’मध्ये वेगळे काय?

प्रतीवरून प्रत काढताना प्रत्येक वेळी थोडा तपशील हरवतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षरे पुसट होतात, तसेच. ‘वन-स्टेप’मध्ये मोफीने फादर-मदर-स्टॅम्पर ही साखळीच तोडली. लॅकरवरून मिळालेला पहिला निकेलचा ठसा हाच थेट साचा म्हणून वापरायचा. आवाज अधिक स्वच्छ, पण खर्च भरमसाट. एका लॅकरपासून एकच साचा मिळतो. तो झिजला की पुन्हा नवे लॅकर कोरावे लागते. लॅकरही सहज मिळणारी वस्तू नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथे अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाल्यावर लॅकर चकत्यांसाठी जगाची भिस्त जपानमधील एका उत्पादकावर उरली होती.

म्हणूनच वन-स्टेपच्या संचाची किंमत १२५ डॉलरपर्यंत होती. प्रती मोजक्या आणि प्रत्येकीवर क्रमांक. संपल्यावर त्यांतल्या काही संचांची किंमत जुन्या बाजारात मूळ किमतीच्या कित्येक पट झाली. संचासोबतच्या माहितीत कोणते टप्पे वगळले, हे आकृती काढून समजावले होते. लॅकरच्या आधी असलेल्या डिजिटल प्रतीचा उल्लेख मात्र नव्हता.

शंका आली कशी?

कुणाच्या कानाला काही खटकले म्हणून नव्हे, तर साध्या भागाकाराने. मोफीने मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ची वन-स्टेप आवृत्ती जाहीर केली आणि तिच्या प्रतींची संख्या सांगितली : ४० हजार.

आता हिशेब करा. एका लॅकरमागे एक साचा, एका साच्यामागे जास्तीत जास्त हजार रेकॉर्ड. म्हणजे प्रत्येक बाजूसाठी किमान ४० लॅकर कोरावी लागणार. साच्याचे आयुष्य ५०० रेकॉर्ड धरले तर ८०. रेकॉर्ड थेट टेपवरून बनत असेल, तर प्रत्येक लॅकरसाठी टेप पुन्हा वाजवायला हवी. जगातील सर्वाधिक खपाच्या अल्बमांपैकी एकाची १९८२ची मूळ टेप कोणती कंपनी ४०-८० वेळा वाजवू देईल? हा प्रश्न जाणकारांनी उघडपणे विचारायला सुरुवात केली होती. एस्पोसिटो यांच्या व्हिडीओमुळे त्याला उत्तर मिळाले : टेप एकदाच वाजवायची, तिची डिजिटल प्रत करायची आणि त्या प्रतीवरून हवी तितकी लॅकर कोरायची.

डिजिटल प्रत म्हणजे नेमके काय?

अ‍ॅनालॉग पद्धतीत आवाजाची लहर आहे तशी, सलग साठवली जाते; टेपवर चुंबकीय रूपात, रेकॉर्डवर खाचेच्या रूपात. डिजिटल पद्धतीत त्या लहरीची ठरावीक अंतराने मोजणी करून आकडे साठवतात. सीडीमध्ये सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते आणि प्रत्येक आकडा १६ बिटचा असतो.

मोफीने वापरलेले तंत्र सीडीचे नाही. त्याचे नाव ‘डायरेक्ट स्ट्रीम डिजिटल’, थोडक्यात डीएसडी. सोनी आणि फिलिप्सने सुपर ऑडिओ सीडीसाठी ते विकसित केले. यात प्रत्येक नमुना एकाच बिटचा असतो, पण मोजणी सीडीच्या ६४ पट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख वेळा होते. मोफी पुढे याच्याही चौपट वेगाची, सेकंदाला सुमारे १ कोटी १३ लाख नमुन्यांची आवृत्ती वापरू लागली. त्याला ‘डीएसडी २५६’ म्हणतात. लॅकर कोरण्याआधी या आकड्यांची पुन्हा अ‍ॅनालॉग लहर केली जाते.

थोडक्यात, ग्राहकाला साखळी अ‍ॅनालॉग-अ‍ॅनालॉग-अ‍ॅनालॉग अशी वाटत होती. प्रत्यक्षात ती अ‍ॅनालॉग-डिजिटल-अ‍ॅनालॉग अशी होती.

कंपनीने डिजिटलचा मार्ग का धरला?

कारणे तांत्रिक आहेत आणि बरीचशी पटण्यासारखीही. पहिले कारण टेपचे वय. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या टेपवरचा चुंबकीय थर सुटू लागतो. काही टेपमधील चिकटवणारा घटक हवेतील ओलावा शोषून चिकट होतो. अशा टेप वाजवण्याआधी कमी आचेवर अक्षरशः भाजाव्या लागतात. प्रत्येक वादनागणिक झीज ठरलेली.

दुसरे कारण मालकीचे. मूळ टेप मोफीच्या नसतात, त्या मोठ्या संगीत कंपन्यांच्या तिजोरीत असतात. जून २००८ मध्ये हॉलीवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत ध्वनिमुद्रणांच्या मूळ टेपही जळाल्या. त्या नुकसानीची व्याप्ती २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वृत्तामुळे जगासमोर आली. अशा अनुभवानंतर अमूल्य टेप विमानात घालून दुसऱ्या गावच्या स्टुडिओत पाठवायला कंपन्या का-कू करणारच. मग अभियंत्याने यंत्रसामग्री घेऊन टेपपाशी जायचे, तिथेच उत्तम डिजिटल प्रत करायची आणि ती घेऊन परतायचे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

तिसरे कारण कामाच्या सोयीचे. प्रत हाताशी असली, की अभियंत्याला घाई नसते. आवाजाचा समतोल दहा वेळा बदलून ऐकता येतो, पसंत पडेपर्यंत लॅकर पुन्हा कोरता येते. मूळ टेपवर असे प्रयोग करायला कुणी धजावत नाही.

ही सगळी कारणे २०११ मध्येही सांगता आली असती. ती सांगितली गेली नाहीत, हाच वादाचा मुद्दा आहे.

कानाला फरक कळतो का?

अभियांत्रिकीच्या पुस्तकातले उत्तर : कळू नये. माणसाचा कान जास्तीत जास्त २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. लहरीतील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर मूळ लहर जशीच्या तशी पुन्हा उभी करता येते, असे नायक्विस्ट-शॅनन प्रमेय सांगते. सीडी ही अट पूर्ण करते, डीएसडी तर कैक पटींनी. शिवाय खुद्द रेकॉर्डच्या मर्यादा मोठ्या. सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजातील अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल असते. चांगल्या रेकॉर्डवर ते साधारण ७० डेसिबलच्या आसपास थांबते.

प्रयोग काय सांगतात? ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांचा २००७ मध्ये ‘ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटी’च्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत प्रसिद्ध आहे. त्यांनी उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जापर्यंत उतरवून ऐकवले. पाचशेहून अधिक चाचण्यांत बरोबर उत्तरांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास राहिले. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी तेच झाले असते. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ अभ्यास आणि १२ हजारांहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात अचूक उत्तरे ५२.३ टक्के निघाली. सवयीच्या, प्रशिक्षित कानांना थोडे अधिक यश आले. म्हणजे फरक शून्य नाही, पण अगदी पुसट आहे.

हे प्रयोग दोन डिजिटल दर्जांची तुलना करणारे होते, टेपवरून कोरलेल्या आणि डीएसडीवरून कोरलेल्या रेकॉर्डची नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे. तरी मोफीचा स्वतःचा अनुभव हाच एका अर्थाने मोठा प्रयोग ठरला. अकरा वर्षे डिजिटल प्रतीवरून बनलेल्या रेकॉर्डना हजारो शौकिनांनी ‘अ‍ॅनालॉगची ऊब’ म्हणून दाद दिली.

मग तक्रार कशाची?

येथे संग्राहकांत सरळ दोन तट पडले. पहिल्या गटाचे म्हणणे असे : रेकॉर्ड ऐकण्यासाठी घेतली होती ना? ती उत्तम वाजते, परवाही वाजत होती, उद्याही वाजेल. मधला टप्पा कळल्याने आवाज बदलत नाही. उलट या प्रकरणाने ‘डिजिटल म्हणजे रूक्ष’ हा समज खोटा पाडला.

दुसऱ्या गटाचे उत्तर असे, की आवाजाची तक्रारच नाही. पैसे कशाचे दिले, हा प्रश्न आहे. हातमागाची म्हणून घेतलेली पैठणी यंत्रमागावरची निघाली, तर रंग तोच, मोर तोच, पदर तसाच देखणा असूनही घेणाऱ्याला फसल्यासारखे वाटते. कारण किंमत नुसत्या दिसण्याची नव्हती. ती विणकराच्या वेळेची आणि पद्धतीची होती. दुकानदार ‘दोन्हींत तुम्हाला फरक कुठे कळला?’ असे म्हणाला, तर त्याने तक्रार मिटत नाही.

आणखी एक मुद्दा व्यवहाराचा. टेप झिजते, साचा झिजतो, म्हणून प्रती मोजक्या, हे ग्राहकाला पटते. संग्राहक त्या दुर्मिळतेचे पैसे मोजतो. फाइल मात्र झिजत नाही. साच्याची मर्यादा उरते, पण नवे लॅकर कोरून कितीही साचे करता येतात. मग प्रती पाच हजार काढायच्या की ४० हजार, हा तंत्राचा नव्हे, व्यवसायाचा निर्णय ठरतो. पुढे विकता येईल या हिशेबाने संच घेणाऱ्यांना हे आधी कळायला हवे होते.

पहिल्या गटाचा युक्तिवाद नीट पाहिला, तर तो दुसऱ्या गटालाच बळ देतो. आंबा आंबट निघाला तर खाणाऱ्याला तत्काळ कळते. पण जो फरक कानाला कळतच नाही, त्याची खातरजमा ग्राहक घरी बसून करू शकत नाही. तेथे लेबल हाच एकमेव पुरावा असतो. त्यामुळे फरक जितका पुसट, तितकी ते लिहिणाऱ्याची जबाबदारी मोठी.

रेकॉर्डमध्ये डिजिटल टप्पा नवा आहे का?

अजिबात नाही. खाच कोरताना पुढचा आवाज किती मोठा आहे, हे लेथला आधी कळावे लागते. मोठ्या आवाजाला रुंद जागा लागते, म्हणून खाचांमधले अंतर त्यानुसार बदलावे लागते. यासाठी टेप दोन ठिकाणी वाचली जाई : एकदा अंदाजासाठी आणि चकतीच्या साधारण एका फेऱ्याएवढ्या वेळाने, प्रत्यक्ष कोरण्यासाठी. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक स्टुडिओंनी यासाठी डिजिटल विलंबयंत्र बसवले. टेपवरचा आवाज थेट अंदाजाला आणि यंत्रातून उशिराने बाहेर पडलेला डिजिटल आवाज कोरण्याला! त्यामुळे १९८०च्या दशकातील कित्येक ‘अ‍ॅनालॉग’ रेकॉर्डच्या पोटात डिजिटल टप्पा आहे आणि मुखपृष्ठावर त्याचा उल्लेख नाही.

त्या काळात ‘डिजिटल’ हा शब्द लपवण्याचा नव्हे, मिरवण्याचा होता. १९७९ मध्ये राय कूडर यांचा डिजिटल पद्धतीने मुद्रित केलेला अल्बम आला, तेव्हा ते नावीन्य जाहिरातीचा विषय होते. टेलार्कसारख्या कंपनीने तर त्यावरच नाव कमावले. पुढे सीडी आल्यावर तीन अक्षरी खूण रूढ झाली. एएडी, एडीडी किंवा डीडीडी. ध्वनिमुद्रण, मिश्रण आणि अंतिम प्रत यांपैकी कोणता टप्पा अ‍ॅनालॉग आणि कोणता डिजिटल, हे तीन अक्षरांत कळे. ज्यांच्या घरी जुन्या सीडी आहेत त्यांनी मागची बाजू पाहावी, ही अक्षरे सापडतील. चाळीस वर्षांपूर्वी सीडीवर जी माहिती तीन अक्षरांत मावत होती, ती सव्वाशे डॉलरच्या संचावर नव्हती.

न्यायालयात काय झाले?

२७ जुलै २०२२ रोजी जिम डेव्हिस यांनी निवेदन काढून माफी मागितली. कंपनीने संदिग्ध भाषा वापरली आणि गैरसमज पसरू दिले, याची त्यांनी कबुली दिली. रेकॉर्डच्या स्रोताची माहिती यापुढे देण्याचेही जाहीर केले. तरीही ऑगस्टपासून अमेरिकेत ग्राहकांचे सामूहिक दावे दाखल झाले. मूळ टेपवरून थेट बनल्याचा समज करून देऊन जास्त किंमत घेतली, हा त्यांचा गाभा होता.

२०२३ मध्ये सिएटलमधील फेडरल न्यायालयात तडजोड पुढे आली. तिची कमाल रक्कम सुमारे २ कोटी ५० लाख डॉलर होती. पात्र ग्राहकांपुढे पर्याय ठेवले गेले : रेकॉर्ड परत करून पूर्ण पैसे घ्यायचे, किंवा रेकॉर्ड ठेवून किमतीच्या ५ टक्के रोख अथवा १० टक्क्यांचे कूपन घ्यायचे.

हे पर्यायही बोलके आहेत. ‘आवाज आवडतो, पण फसवणूक झाली’ असे म्हणणाऱ्याला रेकॉर्ड ठेवून थोडी भरपाई मिळते. ‘असे असते तर मी घेतलीच नसती’ असे म्हणणाऱ्याला सगळे पैसे. संग्राहकांतली दुफळी तडजोडीच्या कागदावरही उतरली.

आता बदल काय झाला?

मोफीच्या नव्या रेकॉर्डसोबत आता साखळी स्पष्ट लिहिलेली असते : कोणत्या रुंदीची आणि वेगाची अ‍ॅनालॉग टेप, त्यानंतर डीएसडी २५६, मग अ‍ॅनालॉग कन्सोल, मग लेथ. हे जाहीर झाल्यावर कंपनी बंद पडली नाही. वादाच्या केंद्रस्थानी असलेली ‘थ्रिलर’ची आवृत्ती त्याच वर्षी बाजारात आली आणि वन-स्टेप मालिकेत नवे अल्बम येत राहिले.

दुसरीकडे, खरोखर अ‍ॅनालॉग साखळी जपणाऱ्यांचे मोलही वाढले. जॅझसाठी प्रसिद्ध ‘ब्लू नोट’च्या ‘टोन पोएट’ मालिकेत मूळ टेपवरून थेट कोरल्याचे स्पष्ट सांगितले जाते. लंडनची ‘इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग कंपनी’ जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांवर मोजक्या प्रती काढते आणि त्यासाठी चढी किंमत घेते. म्हणजे दोन्ही पद्धतींना ग्राहक आहेत. फक्त कोणती वस्तू कोणती, हे कळले पाहिजे.

भारतातील ग्राहकाने काय पाहावे?

आपल्याकडेही रेकॉर्ड परतली आहे. मुंबई-पुण्यातील तरुण जुन्या बाजारात एचएमव्हीच्या तबकड्या शोधतात, परदेशी आवृत्त्या मागवतात. २०२४ मध्ये नवी मुंबईत रेकॉर्ड छापणारा कारखानाही सुरू झाला. अशा वेळी काही गोष्टी ध्यानात ठेवलेल्या बऱ्या.

‘१८० ग्रॅम’ हे फक्त वजन आहे. त्यावरून आवाजाचा स्रोत कळत नाही.

‘रीमास्टर्ड’चा अर्थ आवाजाचा समतोल नव्याने साधला, इतकाच. तो टेपवरून की फाइलवरून, हे वेगळे लिहिलेले असायला हवे.

‘मूळ टेपवरून’ आणि ‘मूळ टेपवरून थेट’ यांत फरक आहे. पहिल्या शब्दप्रयोगात मधे डिजिटल प्रत असू शकते. मोफीचा सगळा वाद या एका शब्दाच्या जागेत मावतो. ‘एएए’ असे लिहिले असेल तर तिन्ही टप्पे अ‍ॅनालॉग असल्याचा दावा आहे, असे समजावे.

रेकॉर्डच्या मधल्या लेबलभोवतीच्या गुळगुळीत भागात बारीक अक्षरे कोरलेली असतात. तेथे साच्याचा क्रमांक आणि अनेकदा खाच कोरणाऱ्या अभियंत्याची खूण सापडते. आवृत्ती ओळखण्यासाठी ती मुखपृष्ठापेक्षा भरवशाची.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापूर्वी छापलेली रेकॉर्ड असेल, तर डिजिटलची शंका घ्यायचे कारण जवळपास नाही. आज स्टुडिओत संगणकावर मुद्रित झालेल्या नव्या गाण्यांची रेकॉर्ड मात्र डिजिटल स्रोतावरूनच बनणार. त्यात गैर काही नाही.

कायद्याची बाजूही माहीत असावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ या व्याख्येत खोटे वर्णन तर येतेच, पण महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. ‘आम्ही अ‍ॅनालॉग असे कुठे लिहिले होते?’ हा बचाव त्यामुळे पुरेसा ठरत नाही. विक्रेत्याला खरेदीआधी एकच प्रश्न लेखी विचारावा : लॅकर कोरताना समोर टेप होती की फाइल? उत्तर ‘फाइल’ असे आले म्हणून रेकॉर्ड वाईट ठरत नाही. उत्तरच आले नाही, तर मात्र जादा पैसे देण्यापूर्वी थांबावे.